मागच्या चाकाचं माप

मराठी माणूस चाळिशी ओलांडल्यावर काय काय करतो यावर आपल्या मंडळात आता पुरेसं संशोधन झालेलं आहे. काही जण मॅरेथॉनच्या तयारीला लागतात, काही जण माळ्यावरची पेटी खाली काढतात, काही जण बॅकयार्डमध्ये मेथी लावून तिच्या जुड्या ओळखीच्या सगळ्यांच्या गळ्यात मारतात. मी मोटारसायकल घेतली. तीही साधीसुधी नाही. २००८ सालची होंडा गोल्डविंग, सेकंडहँड. सहा सिलिंडर, १८३२ सीसी, वजन चारशे किलोच्या वर, आणि मागे घ्यायला चक्क रिव्हर्स गिअर. मंडळाच्या पिकनिकला ती पार्किंग लॉटमध्ये उभी केली तेव्हा एका काकूंनी विचारलं होतं, "अहो, हिला इन्शुरन्स मोटारसायकलचा लागतो की घराचा?"

ही गाडी आमच्या कोलंबसपासून तासाभराच्या आत असलेल्या मेरिसव्हिल गावात बनलेली आहे. १९८० पासून २००९ पर्यंत गोल्डविंग तिथे तयार होत असे. पुढे ते काम जपानमध्ये गेलं. म्हणजे आमच्या घरात अस्सल ओहायोकर कोण असेल तर ती गाडी. आम्ही बाकीचे सगळे मागाहून आलेले.

पण आजचा विषय गाडी नाही, गाडीचा मागचा टायर आहे. आता टायरवर काय लिहायचं असं वाटत असेल तर थोडा धीर धरा. २०२३ च्या वसंतात हा टायर बदलायची वेळ आली आणि "त्या जागी कुठल्या मापाचा टायर टाकायचा?" या प्रश्नावर आमच्या घरात, मित्रमंडळीत आणि माझ्या डोक्यात जेवढी चर्चा झाली, तेवढी घर घेतानाही झाली नव्हती.

माझं टायरचं प्राथमिक शिक्षण झालं साताऱ्याला, काकांच्या बुलेटवर. त्या काळच्या साध्या ३५० सीसी बुलेटला पुढे आणि मागे एकाच मापाचा टायर असे, ३.२५-१९. सव्वातीन इंच रुंद, एकोणीस इंची रिम. विषय संपला. मागचा टायर लवकर झिजतो, कारण ओढायचं काम त्याचं. म्हणून काका मागचा झिजला की पुढचा मागे घालत आणि नवा पुढे. दुकानात जाऊन "बुलेटचा टायर द्या" एवढं म्हटलं की भागायचं. ट्रकचे टायर रिमोल्ड करून पुन्हा रस्त्यावर येताना बघितलेले. टायर म्हणजे बसला की झाला, चालतोय तोवर चालवायचा, अशीच सगळ्यांची धारणा होती. वेग ताशी साठ किलोमीटर आणि रस्ता खड्ड्यांचा, तेव्हा ती धारणा खपूनही जात असे.

इथे आल्यावर मास्टर्स केलं, मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून नोकरी लागली, आणि बाजूच्या भिंतीवरचे आकडे वाचायची सवय झाली. माझ्या गोल्डविंगच्या मागच्या टायरवर लिहिलेलं असतं: १८०/६० आर १६ आणि पुढे ७४ एच. पुष्कळ लोक हा अपूर्णांक समजून "एकशे ऐंशी भागिले साठ" असं वाचतात. तसं नाही. १८० म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या टक्केवारीत. १८० चे ६० टक्के, म्हणजे १०८ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल बांधणी. आणि १६ म्हणजे रिमचा व्यास, तो मात्र इंचात! एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. आपल्या इथल्या घरांसारखंच आहे हे: दूध गॅलनने, सोनं तोळ्याने, उंची फुटात आणि मुलांचं सायन्स मीटरमध्ये. पण चाललंय ना व्यवस्थित?

शेवटचे दोन हे खरे महत्त्वाचे. ७४ हा वजनाचा क्रमांक आहे. तक्त्यात पाहिलं तर ७४ म्हणजे ३७५ किलो. एवढं वजन तो टायर पुरेशी हवा असताना पेलतो. एच म्हणजे वेगाची मर्यादा, ताशी २१० किलोमीटर. तेवढ्या वेगाने कोणी जायचं नसतं. पण भरलेली गाडी उन्हाळ्यात हायवेवर तासन्‌तास पळताना टायर तापतो, आणि ती उष्णता सोसायला हातात काही राखून असावं लागतं. पुढच्या टायरचं माप आहे १३०/७० आर १८, ६३ एच. ६३ म्हणजे २७२ किलो. पुढचा आणि मागचा यांची अदलाबदल इथे शक्यच नाही. काकांची युक्ती साताऱ्यातच राहिली.

आता गंमत सुरू झाली. मी एका दुकानात फोन केला. पलीकडच्या पोराने विचारलं, "गाडी कुठली?" मी म्हटलं, "गोल्डविंग." तो म्हणाला, "उद्या या." गेलो तर त्याने २००/५५ आर १६ काढून ठेवलेला. हे माप २०१८ पासूनच्या नव्या गोल्डविंगचं. नाव तेच, रिमचा व्यासही तोच सोळा इंच. व्यासाचा हिशेब करा: जुन्याचा १०८ दुणे २१६, अधिक रिमचे ४०६.४, म्हणजे ६२२.४ मिलिमीटर. नव्याचा ११० दुणे २२०, अधिक ४०६.४, म्हणजे ६२६.४. फरक अवघ्या चार मिलिमीटरचा. "बसेल की," तो म्हणाला. चढला असताही कदाचित. पण माझी मागची रिम पाच इंच रुंद आहे. तिच्या हिशेबापेक्षा रुंद टायर तिच्यावर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, मधला भाग फुगतो आणि टायरची गोलाई कंपनीने ठरवली तशी राहत नाही. शिवाय वीस मिलिमीटर जास्त रुंदी म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा मिलिमीटर जागा कमी. मागचं चाक ज्या आर्मवर बसतं तिथे आधीच अंतर मोजकं, आणि वेगात टायर थोडा फुगतोही. मी नम्रपणे नको म्हटलं आणि घरी आलो.

मग आले आमचे मित्र. नाव सांगत नाही. मंडळाच्या गणपतीला मोदकांच्या रांगेत सगळ्यात पुढे असतात तेच. तेही इंजिनिअर, तेही गोल्डविंगवाले, माझ्याच मॉडेलचे. त्यांनी मागे मोटारसायकलचा टायर लावायचं केव्हाच सोडून दिलंय. ते मागच्या चाकाला चक्क कारचा टायर लावतात. अमेरिकेत असे पुष्कळ गोल्डविंगवाले आहेत आणि स्वतःला ते गमतीने "डार्क साइड"चे म्हणवून घेतात.

"अरे, हिशेब कर," मित्र म्हणाले. "तुझा टायर किती मैल जातो?"

"दहा हजारांच्या आसपास."

"माझा त्याच्या दुपटीहून जास्त. किंमत जवळजवळ निम्मी. आणि मजुरी एकदाच. चाळीस हजार मैल झाले, काही झालंय का मला?"

देशी माणसाला "मायलेज" हा शब्द ऐकल्यावर जे होतं ते मलाही झालं. मी कागद-पेन्सिल घेतली. ते लावतात त्या टायरचं माप १९५/५५ आर १६. १९५ चे ५५ टक्के, १०७.२५. दुप्पट २१४.५. अधिक ४०६.४. एकूण ६२०.९ मिलिमीटर. माझ्या मूळ टायरचा व्यास ६२२.४. फरक दीड मिलिमीटर! नवा टायर थोडा झिजला तरी याहून जास्त फरक पडतो. वजनाचा क्रमांक ८७, म्हणजे ५४५ किलो. मूळ टायरपेक्षा १७० किलो जास्त. वेगाची मर्यादाही वरची. कागदावर बघितलं तर हा सामना एकतर्फी होता.

आणि मित्रांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. ओहायोचे रस्ते सरळ आणि सपाट. अशा रस्त्यावर मोटारसायकलच्या गोल टायरचा फक्त मधला पट्टा झिजतो आणि काही हजार मैलांनी तो मध्ये चपटा होतो. कारचा टायर मुळातच चपटा. सरळ जाताना त्याचा रस्त्याशी संपर्क भरपूर. त्यांना तो आवडतो यात नवल काही नाही.

प्रश्न वळणावर येतो. हे समजायला स्वयंपाकघरात जा आणि खाली निमुळता होत जाणारा स्टीलचा पेला घ्या. तो ओट्यावर आडवा करून हलकेच ढकला. तो सरळ जात नाही, गोल फिरतो, कारण एका बाजूचा घेर मोठा आणि दुसऱ्या बाजूचा लहान. मोटारसायकल कलते तेव्हा तिच्या गोल टायरचं नेमकं हेच होतं. रस्त्याला टेकलेला भाग त्या पेल्यासारखा निमुळता होतो आणि गाडी आपणहून वळणात शिरते. कितीही कलवा, गोलाईचा तेवढाच तुकडा रस्त्याला टेकलेला राहतो. कार कलत नाही, म्हणून तिच्या टायरला गोलाई द्यायचं कारणच नाही. तो मोटारसायकलला लावून कलवला की एक कड उचलली जाते, दुसऱ्या कडेवर भार येतो, बाजूची भिंत दुमडते, आणि वळण संपेपर्यंत हँडलवर दाब धरून राहावं लागतं. हातांना सवय होते म्हणे. होत असेलही.

मी हे बोललो तर मित्रांनी दुसरा पत्ता टाकला. "मग तो आपला कावासाकीवाला? तो बदलतोच की माप! त्याला नाही तू काही बोलत."

मुद्दा बरोबर होता. आमच्या ओळखीत एक जण कावासाकी काँकर्स १४ चालवतो. तिचं मागचं मूळ माप १९०/५०, रिम सतरा इंची. तो आणि त्याच्यासारखे बरेच जण तिथे १९०/५५ लावतात. भिंत ९५ मिलिमीटरऐवजी १०४.५. म्हणजे गाडीची मागची बाजू साडेनऊ मिलिमीटर उचलली जाते, पुढचा काटा किंचित उभा होतो आणि जड गाडी वळणात चटकन शिरते. व्यास ६२१.८ वरून ६४०.८ वर जातो. घेर साधारण तीन टक्क्यांनी वाढतो. स्पीडोमीटर मागच्या चाकाच्या फेऱ्या मोजत असेल तर खऱ्या शंभराला तो सत्त्याण्णव दाखवणार. एबीएस पुढच्या आणि मागच्या चाकाच्या फेऱ्यांची तुलना करतं, तिथेही हा फरक पोचणार. आपल्या गाडीचे आकडे कुठून येतात हे माहीत करून घेऊनच हा बदल करायचा.

पण त्याच्या आणि आमच्या मित्रांच्या बदलात एक मोठा फरक आहे. कावासाकीवाल्याचा नवा टायर मोटारसायकलचाच आहे. रुंदी तीच, १९०. सहा इंची रिम दोन्ही मापांना चालते. वजनाचा क्रमांक ७३ वरून ७५ वर, म्हणजे ३६५ किलोवरून ३८७ वर गेला; कमी नाही झाला. वेगाचं अक्षर तेच. कंपनीचं पुस्तक अजूनही ५० च म्हणतं, पण निदान टायरवाल्याने तो टायर तसल्याच रिमवर, तसल्याच कामासाठी बनवलेला आहे.

मग मी १९५/५५ आर १६ साठी किती रुंद रिम चालते ते टायरच्या तक्त्यात पाहिलं. साडेपाच ते सात इंच. माझी रिम पाच. इथे सगळा निकाल लागला. व्यास जुळला, वजन जुळलं, वेग जुळला, आणि जो आकडा टायरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात छापलेला नसतो तोच जुळला नाही. त्या टायरचे ५४५ किलो हे साडेपाच ते सात इंची कारच्या रिमवरचे. पाच इंची मोटारसायकलच्या रिमवर, कललेल्या अवस्थेत, तो किती पेलतो हे कुठल्याच तक्त्यात नाही, कारण टायर बनवणाऱ्याने तो त्यासाठी बनवलेलाच नाही. म्हणूनच मोटारसायकलच्या रिमवर कारचा टायर चढवू नका असं टायर कंपन्या स्पष्ट सांगतात. कंपन्यांना जास्त टायर विकायचे असतात म्हणून त्या असं म्हणतात, असं मित्रांचं मत. एरवी मीही कंपन्यांच्या हेतूंबद्दल फार भाबडा नाही. पण रिमची रुंदी विक्री खात्यात ठरत नाही.

"काही झालंय का मला?" या प्रश्नाला मात्र माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. चाळीस हजार मैल सुखरूप गेलेला माणूस समोर बसलेला असताना तक्ता दाखवणं जरा पोरकटच वाटतं.

उत्तर दिलं सौ.ने. ती फार्मसिस्ट आहे. आम्ही दोघं डायनिंग टेबलावर आकड्यांचे कागद पसरून बसलो होतो आणि ती पलीकडे कणीक मळत होती. तिने विचारलं, "म्हणजे माप तेच, पण कामाला बनवलेला वेगळ्या?"

"तसंच काहीसं," मी म्हटलं.

"आमच्याकडे पाच मिलिग्रॅमच्या कितीतरी गोळ्या असतात. पाच मिलिग्रॅम आहे म्हणून कुठलीही उचलून देत नाही आम्ही."

मित्र हसले. म्हणाले, "वहिनी, पण मला चालली ना ती गोळी!"

"तुम्हाला चालली, भावोजी. पण तुम्ही एकटे जाता. याच्या मागे मी बसणार आहे."

टेबलावर जरा शांतता पसरली. खरंच होतं ते. मित्रांच्या पत्नी मोटारसायकलवर बसत नाहीत. ते एकटेच भटकतात आणि काय पत्करायचं हे स्वतःपुरतं ठरवतात. तो त्यांचा अधिकार आहे. माझ्याकडे मागच्या सीटवर बसणारं माणूस आहे. तिच्या हातात ना हँडल, ना ब्रेक. ती माझ्या खांद्यावरून रस्ता बघते आणि मी कलतो तशी कलते. त्या ऑक्टोबरात आम्हाला ब्लू रिज पार्कवेला जायचं होतं, व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरांतून. ४६९ मैलांचा रस्ता, आणि त्यात सरळ मैल शोधावे लागतात.

त्या रात्री सौ. म्हणाली, "ते आकडे मलाही नीट सांग. मी बसते तिथे काय लिहिलंय ते मला कळायला नको?"

मग आम्ही रीतसर वजनं केली. बाथरूमचा काटा बाहेर आला. मी, माझं हेल्मेट, जॅकेट, बूट. ती, तिचं हेल्मेट, जॅकेट, बूट. दोन्ही बाजूच्या पेट्या आणि मागची ट्रंक भरून. तिचा आकडा इथे छापायची परवानगी नाही. माझा छापायची मला हौस नाही. बेरीज १७० किलो झाली. गाडीच्या पुस्तकात माणसं आणि सामान मिळून जी मर्यादा दिली आहे तिच्या आत बसली, पण फार आत नाही. आणि गंमत अशी की या १७० किलोंतला बराचसा भाग मागच्याच चाकावर येतो. चालवणारा दोन चाकांच्या मध्ये बसतो; मागची सीट, पेट्या आणि ट्रंक जवळजवळ मागच्या चाकाच्या डोक्यावर असतात. टूरिंगच्या गाडीचा मागचा टायर म्हणजे घरातल्या थोरल्या सुनेसारखा. पाहुणे कोणाचेही असोत, राबायचं तिनेच.

म्हणून ७४ हा क्रमांक माझ्यासाठी नुसता आकडा राहिला नाही. त्याच मापाचा, पण कमी क्रमांकाचा टायर कोणी स्वस्तात देऊ केला तर तो नको. बांधणीचंही तसंच. जुन्या गोल्डविंग १५०० ला मागे १६०/८०-१६ असा तिरप्या धाग्यांचा, म्हणजे बायस टायर असे. २००१ मध्ये १८०० आली ती रेडियल टायरवर. पुढे एक आणि मागे दुसरं असं मिश्रण करायचं नाही, कारण दोघांच्या भिंती वेगळ्या रीतीने दबतात आणि वळणात पुढचं एक बोलतं, मागचं दुसरं.

शेवटी मी गावाबाहेरच्या एका लहानशा दुकानात गेलो. मालक साठीचा, हात काळेभोर. त्याने गाडीचं नाव विचारलंच नाही. वाकून टायरवरची ओळ वाचली, मग गाडीवरचं स्टिकर वाचलं, दोन्ही जुळतात याची खात्री केली आणि मगच फोन उचलला. १८०/६० आर १६, ७४ एच. पुढचाही त्याच कंपनीच्या त्याच जोडीतला. टायर आले तेव्हा त्याने आपणहून मला तारीख दाखवली. भिंतीवर डॉट अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ असं असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. माप बरोबर असलं तरी वर्षानुवर्षं गोदामात पडून कडक झालेलं रबर नवं म्हणून घेण्यात अर्थ नाही. आमचे टायर त्याच वर्षातले होते. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा मित्रांचा हिशेब आठवून पोटात जरा कालवलं, हे नाकारत नाही.

नवा टायर पहिले शंभरेक मैल जपून चालवायचा असतो. वरचा गुळगुळीतपणा गेल्याशिवाय त्याची पकड पुरती येत नाही. ते मैल मी एकट्याने केले. मग हवा: थंड टायरमध्ये पुढे ३६ आणि मागे ४१ पीएसआय, गाडीच्या पुस्तकाप्रमाणे. टायर ३७५ किलो पेलतो तो पुरेशी हवा असेल तरच. हवा कमी झाली तर ७४ आकडा भिंतीवर राहतो, पण टायरमध्ये राहत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आम्ही निघालो. शेनांडोहचा १०५ मैलांचा स्कायलाइन ड्राइव्ह संपतो तिथे, रॉकफिश गॅपला, ब्लू रिज पार्कवे सुरू होतो. वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ४५ मैल. घाई करायला वावच नाही. झाडं लाल-पिवळी झालेली, दरीतून धुकं वर येतंय, आणि एकामागून एक वळणं. दुसऱ्या दिवशी पाऊस लागला. पानं रस्त्याला चिकटलेली. एका उतारावर, डावीकडच्या आंधळ्या वळणात, समोर हरीण उभं. मी कललेल्या गाडीला हलकेच उभं करून ब्रेक लावला, गाडी मुकाट थांबली, हरणाने आमच्याकडे नीट पाहून घेतलं आणि झाडीत गेलं. मागून इंटरकॉमवर आवाज आला, "७४ एच!"

कारचा टायर असता तर तिथे काय झालं असतं, हे मला सांगता येणार नाही. कदाचित काहीच झालं नसतं. मित्र तेच म्हणतात आणि मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पण त्या वळणावर मला हँडलखाली काय आहे याचा विचार करावा लागला नाही. मागे बसलेलीलाही नाही, कारण तो विचार आम्ही दोघांनी मिळून महिनाभर आधी, काटा आणि कागद घेऊन करून टाकला होता. सुरक्षितपणाची माझी व्याख्या एवढीच.

मित्र अजूनही कारच्या टायरवर हिंडतात. परवाच त्यांचा फोन आला होता. आता त्यांच्या मुलीला मागे बसून स्मोकी माउंटन्स बघायचे आहेत. "तो तक्ता जरा पाठव रे," म्हणाले, आणि घाईने पुढे, "नुसता बघायला." मी त्याच रात्री पाठवला.

तर मंडळी, तुमच्यापैकी फार थोड्यांकडे मोटारसायकल असेल याची मला कल्पना आहे. पण प्रत्येकाकडे मिनीव्हॅन किंवा एसयूव्ही आहेच, आणि तिच्या मागच्या सीटवर मुलं असतात, भारतातून आलेले आई-बाबा असतात, अधिवेशनाला निघालेलं सामान असतं. या शनिवारी किराणा आणायला जाल तेव्हा दोन मिनिटं काढा. ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर एक स्टिकर असतं. त्यावर तुमच्या गाडीच्या टायरचं माप आणि हवा लिहिलेली असते. ते टायरवरच्या ओळीशी ताडून पाहा: रुंदी, टक्के, रिम. वजनाचा क्रमांक मूळ टायरपेक्षा कमी नाही ना, हे गाडीच्या पुस्तकात बघा. चारही टायरच्या तारखा वाचा. मागच्या वेळी दुकानात कोणी "बसेल की" म्हणून वेगळंच काही चढवलं असेल तर तेव्हाच कळेल.

आणि मागे बसणाऱ्यांना ती ओळ वाचायला शिकवा. आमच्या मुलाला लर्नर्स परमिट मिळालं तेव्हा गाडीची किल्ली हातात द्यायच्या आधी सौ.ने त्याला ड्राइव्हवेवर वाकवून टायर वाचायला लावला होता. त्याने आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग वाचलंन.